पब्लिक हेल्थ स्कॉटलंडमध्ये नेमकं काय काम असतं?

सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायला स्कॉटलंडला येणाऱ्या मराठी मुलांत डॉक्टर आणि डेंटिस्ट बरेच असतात. मीही बीडीएस करूनच आले. राष्ट्रीय आरोग्य संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओपीडी, शिबिरं, लसीकरण असं काहीतरी येतं. पब्लिक हेल्थ स्कॉटलंड या इथल्या राष्ट्रीय संस्थेत पेशंट समोर येतच नाही. समोर असतात तक्ते, अहवालांचे मसुदे आणि भरपूर बैठका. सुरुवातीला ‘आपण नक्की करतोय काय?’ असं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ही संस्था १ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे ऐन कोविडच्या धामधुमीत सुरू झाली. ती स्कॉटिश सरकार आणि स्थानिक कौन्सिलांची संघटना ‘कोस्ला’ या दोघांना उत्तरदायी आहे. कागदावर ही नुसती प्रशासकीय बाब दिसते, पण आरोग्यातल्या विषमतेचं सगळं गणित इथेच आहे. गरीब वस्तीतला माणूस लवकर का मरतो, याची बहुतेक कारणं दवाखान्याबाहेर सापडतात: तुटपुंजं उत्पन्न, घरातली ओल, बेभरवशाची नोकरी. शाळा कौन्सिलच्या ताब्यात, घरांचा प्रश्नही बराचसा तिच्याकडे, आणि भत्त्यांचा मोठा भाग लंडनहून ठरतो. संस्थेच्या हातात यातलं काहीच नाही. तिने फरक मोजायचा, तो कशामुळे पडतो ते शोधायचं, कुठला उपाय लागू पडला ते तपासायचं आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यापुढे ते मांडायचं.

पहिल्याच आठवड्यात ‘सिमड’ हा शब्द कानावर पडेल. हा स्कॉटलंडचा वंचिततेचा निर्देशांक. २०२० च्या आवृत्तीत देशाचे ६,९७६ छोटे विभाग पाडून त्यांना क्रम दिलाय; पहिला क्रमांक सर्वांत वंचित विभागाचा. बहुतेक आकडेवारी या क्रमाच्या पाच गटांत मांडली जाते. मात्र हा क्रम विभागाचा आहे, माणसाचा नाही. ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडची बेटं यांतला एकही विभाग सर्वांत वंचित २० टक्क्यांत येत नाही. तिथे गरीब माणसं आहेतच, फक्त विखुरलेली. नकाशा पाहून ‘इथे प्रश्न नाही’ असं लिहिलंत, तर वरिष्ठ मसुदा परत पाठवतील, आणि ते बरोबरच असेल.

माझं आवडतं उदाहरण आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं. ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी घरी किट येतं. जुन्या चाचणीत तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे नमुने घ्यावे लागत. नोव्हेंबर २०१७ पासून एकच नमुना पुरतो. त्यानंतर सहभाग वाढला आणि वंचित वस्त्यांत जास्त वाढला. किट तेव्हाही फुकट आणि घरपोचच होतं. पण तीनदा खटाटोप करायला लागणारी सवड आणि निवांतपणा सगळ्यांकडे सारखा नसतो. ‘लोकांत जागृती नाही’ असं लिहिण्याआधी आपली सेवा लोकांकडून किती कष्ट मागते, ते मोजायला हवं.

दुसरं उदाहरण दारूच्या किमान किमतीचं. कायदा २०१२ चा, पण व्हिस्की उद्योग कोर्टात गेल्यामुळे अंमल १ मे २०१८ ला सुरू झाला: दर युनिटला (म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला) किमान ५० पेन्स. मूल्यमापनाची जबाबदारी या संस्थेकडे होती. २०२३ च्या अहवालानुसार निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, हे धोरण नसतं तर जेवढे झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी होते, आणि सर्वाधिक घट वंचित भागांत दिसली. व्यसनात पूर्ण अडकलेल्यांचं पिणं कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मात्र मिळाला नाही, हेही त्याच अहवालात आहे. अशी अडचणीची गोष्ट न लपवण्यामुळेच संस्थेच्या शब्दाला वजन येतं, असं माझं मत. ३० सप्टेंबर २०२४ पासून ती किंमत ६५ पेन्स झाली.

आता एक गणित. समजा, मृत्युदर वंचितांत १०० वरून ५० वर आला आणि सुस्थितांत ४० वरून १५ वर. दरी ६० वरून ३५ झाली, म्हणजे कमी झाली. पण गुणोत्तर अडीच पटीवरून सव्वातीन पटीच्याही वर गेलं! विषमता घटली की वाढली? दोन्ही आकडे द्यायचे. एकच दिला, तर तोच का निवडला ते सांगावं लागेल.

तयारीचं थोडक्यात: आकडेवारीच्या विश्लेषणाची ‘आर’ ही संगणकभाषा शिका, इथे तीच चालते. वैद्यकीय पदवी नसली तरी सार्वजनिक आरोग्यातल्या स्पेशालिस्ट प्रशिक्षणाचा रस्ता खुला आहे, पण स्पर्धा कडक. नोकरी लागायच्या आधीच एनएचएस स्कॉटलंड या सरकारी आरोग्यसेवेच्या खुल्या आकडेवारीतला एखादा तक्ता उतरवून घ्या आणि पाच गटांचा आलेख काढा. त्याखाली तो आलेख काय सांगू शकत नाही, याच्या दोन ओळी लिहा. मुलाखतीत प्रश्न बहुतेक त्या दोन ओळींवरच येतील.