लकव्याच्या पेशंटला घरी आणल्यावर काय करायचं आणि काय अजिबात नाही

डिस्चार्ज मिळाला, फाईल हातात आली की घरच्यांना वाटतं सुटलो, पण लकव्यात खरं काम घरी आल्यावरच सुरू होतं. फिजिओवाले येणार तासभर, उरलेले तेवीस तास पेशंट आपल्याच हातात असतो. सुधारणा सगळ्यात भराभर होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, नंतरही होते पण हळूहळू, त्यामुळे "आधी जरा ताकद येऊ दे मग बघू" असं करून हे महिने घालवू नका.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे आजारी माणसाला काही करूच द्यायचं नाही ही माया असते, "राहू द्या हो बाबा, मी भरवते", आणि सून भरवते, मुलगा शर्ट घालतो, नातू पाणी तोंडाला लावतो. पण लकव्यात मेंदूचा जो भाग गेलाय त्याचं काम बाजूच्या भागांनी शिकायचं तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि ती खऱ्या कामातून झाली तर जास्त उपयोग. आमच्या सासऱ्यांना शर्ट घालायला अर्धा तास लागायचा, तर आम्ही अर्धा तास आधी उठायचो. आधी लुळा हात बाहीत घालायचा, मग चांगला, आणि काढताना उलटं, आधी चांगला हात बाहेर. बटणं त्यांची त्यांना लावू द्यायची, अगदीच अडलं तरच हात लावायचा. वाटी धरायला लुळा हात, कणीक मळताना लुळा हात परातीवर ठेवायचा, टॉवेलची घडी दोन्ही हातांनी, असं दिवसभर चालू ठेवा.

लुळा हात धरून पेशंटला कधीच ओढून उठवू नका!! खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली सरकतो, आणि मग खांदा इतका दुखतो की पेशंट व्यायामालाच नाही म्हणतो. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि त्याला धरून उठवा, नीट कसं ते फिजिओकडून एकदा स्वतः करून शिकून घ्या. बसल्यावर हात खाली लोंबकळू द्यायचा नाही, उशीवर ठेवायचा. हात आखडायला लागला असेल तर तो स्माईलीचा बॉल दाबायला देऊ नका, मूठ अजून घट्ट होते, उघडायचा सराव हवा असतो.

खाण्यापिण्याचं फार सांभाळा. ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा ओला येत असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं, त्यातून न्यूमोनिया होतो. पाणी आणि चहासारखं पातळ सगळ्यात अवघड जातं, घट्टसर पेज त्यामानाने सोपी, पण काय किती घट्ट द्यायचं ते स्पीच थेरपिस्टला विचारा, बोलण्याबरोबर गिळण्याचंही तेच बघतात. आडवं ठेवून कधीच भरवू नका, ताठ बसवून, छोटा घास, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी बसलेलंच ठेवा.

उजवी बाजू गेली असेल तर बऱ्याचदा बोलणंही जातं. त्याचा अर्थ डोकं गेलं असा नाही, पेशंटला बऱ्याचदा कळत असतं पण शब्द सापडत नाही. मोठ्याने ओरडून बोलू नका, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा, आणि थांबा. कित्येकांना स्वतःच्या मुलाचं नाव येत नाही पण आरती अख्खी येते, वारांची नावं येतात, तर रोज त्यांच्याबरोबर म्हणा. डावी बाजू गेलेल्यांचं वेगळंच, त्यांना बऱ्याचदा डावीकडचं लक्षातच येत नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, म्हणून तुम्ही डावीकडून बोला, पाणी डावीकडे ठेवा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, काठी चांगल्या हातात, आणि आपण उभं राहायचं अधू बाजूला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची घ्या. झोपूनच असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. बधिर बाजूला गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळत नाही.

कोणीतरी येऊन कबुतराचं रक्त लावा, अमुक गावचं तेल चोळा म्हणेलच. रक्ताने काही होत नाही, तेल हलक्या हाताने लावलंत तर लावा, पण त्यासाठी बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केलीत तर लकव्याचा दुसरा अटॅक येऊ शकतो. मिसरी तंबाखू बंद, लोणचं पापड बंद. पेशंट सारखा रडत असेल, बोलेनासा झाला असेल तर हट्टीपणा समजू नका, लकव्यानंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्यावर औषध आहे.

आणि १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा आणि लगेच सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला न्या, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.