शेवटच्या दोन इंचांतली भिंत

धनुर्विद्येत माझी ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायची लांबी, साडेतीस इंच. धनुष्य ६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह (सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं), २१ इंची रायझरवर म्हणजे मधल्या मुठीच्या भागावर शॉर्ट लिंब्स, म्हणजे आखूड पाती. २८ इंचांपर्यंत दोरी लोण्यासारखी यायची, पुढे एकदम भिंत! नांगर, म्हणजे ओढणारा हात टेकवायची ठरलेली जागा, हनुवटीखाली नीट बसायच्या आतच बाण सुटायचा. आधी वाटलं, खांदाच कच्चा. महिनाभर रबर बँड ओढले, फरक शून्य.

मग बॅग मोजायचा टांगता काटा दोरीला अडकवून इंचाइंचाला वजन लिहिलं. २७ ला साडेसदतीस पौंड, २८ ला ४०, २९ ला साडेत्रेचाळीस, ३० ला साडेसत्तेचाळीस. म्हणजे इंचामागे अडीच पौंडांची वाढ थेट चारवर गेलेली. खांद्यावर उगाच आळ घेतला होता.

मैदानावर सल्ला एकच: 'कार्बन घे.' मित्राचे कार्बनचे शॉर्ट लिंब्स लावून पाहिले. हाताला हादरा कमी, बाण चपळ, पण भिंत जागच्या जागी. कार्बनने पातं हलकं होतं, पीळ कमी खातं. माझा घोटाळा मात्र कोनाचा होता. आखूड पातं जास्त वाकतं, टोकापाशी दोरी आणि पात्यातला कोन काटकोनाकडे आणि त्यापुढे जातो आणि मग पातं वाकवायला दोरीची पकड कमी होत जाते.

शेवटी साध्या लाकूड-फायबरचेच लाँग लिंब्स घेतले, धनुष्य ६६ इंची झालं. दोरी अर्थात नवीन लागली, ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) पुन्हा लावावी लागली. आता २८ ला ३८, ३० ला ४३.