नाद लावून घ्यायचाय? मग असा लावा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला माझा भाचा सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, ते तलवारी-जादूचे ऑनलाइन खेळ मला जमतच नाहीत. दोन दिवस खेळतो आणि कंटाळा येतो." तीन खेळ त्यानं असेच सोडले होते. विचारल्यावर कळलं, तिन्ही वेळा तो पहिल्या तासापासून लेव्हलच्या मागं धावला होता. नवख्याचा रस जातो तो इथंच. आकड्यांपेक्षा खेळातल्या माणसांची कामं करत गेलात तर नाद आपोआप लागतो.

आधी खेळ निवडा. माझी शिफारस 'ओल्ड स्कूल रुनस्केप'. मूळ रुनस्केप २००१ चा. त्याची २००७ सालची जुनी प्रत खेळाडूंच्या मागणीवरून २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि २०१८ पासून ती मोबाइलवरही चालते. चित्रं जुन्या वळणाची आहेत, पण दिसण्यावर जाऊ नका. जुना कॉम्प्युटर, साधा स्मार्टफोन, दोन्हीवर चालतो. शिवाय या खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं: तुम्ही क्लिक केलं की ती गोष्ट पुढच्या ठोक्याला घडते. त्यामुळं पावसाळ्यात नेट थोडं अडखळलं तरी बाजी हातची जात नाही. फुकटचा भाग भरपूर मोठा आहे. पहिले दोन-तीन महिने मेंबरशिपचे पैसे भरू नका.

खातं उघडल्यावर लगेच दुहेरी पडताळणी सुरू करा, आणि खेळातल्या बँकेपर्यंत पोचलात की तिथला पिन लावा. हे उद्यावर टाकू नका.

सुरुवातीला एक शिकवणीचं बेट लागतं. झाड तोडणं, जाळ करणं, कोळंबी पकडून भाजणं, तांबं-कथील वितळवून खंजीर घडवणं, असं सगळं तिथं हात धरून शिकवतात. घाईनं उरकू नका. तिथून तुम्ही लंब्रिज नावाच्या गावात उतरता, आणि आता खरी गोष्ट सुरू होते.

किल्ल्याच्या स्वयंपाकघरात एक आचारी घाबराघुबरा उभा असतो. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय, सामान नाही. त्याला अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ हवंय. भाच्याला मी सांगितलं, नकाशा बंद कर आणि स्वतः शोध. कोंबड्यांच्या आवारात अंडं मिळालं. गाईजवळ बादली नेऊन धार काढली. पिठासाठी मात्र बराच वेळ गेला. शेतातून गहू तोडला, पवनचक्कीच्या अगदी वरच्या मजल्यावर जाऊन तो चाड्यात ओतला, दांडा ओढला, आणि पीठ काही दिसेना. पोरगं वैतागलं. मी गप्प बसलो. मग त्यालाच आठवलं, आपल्या पेठेतल्या गिरणीत धान्य वर ओततात आणि पीठ खाली पडतं. शिड्या उतरून तळमजल्यावर गेला तर पीठ साठलेलं! तो खुर्चीतून उठून ओरडला. बक्षीस होतं स्वयंपाकाचे ३०० गुण. ते त्याला आज आठवत नाहीत, गिरणी आठवते.

म्हणून पहिला आठवडा अशी छोटी कामंच करा. संवाद इंग्रजीत आहेत; वही जवळ ठेवा, अडलेला शब्द लिहा. वाचायचं सोडून नुसतं टिचक्या मारत गेलात तर गोष्ट निसटते आणि उरते ती मजुरी.

मजुरीबद्दल एक हिशेब आधीच माहीत असू दे. एखाद्या कौशल्यात ९९ गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि त्याचा निम्मा टप्पा येतो ९२ व्या लेव्हलला. म्हणजे शेवटच्या सात लेव्हल आधीच्या ९१ इतक्याच लांब. नवख्यानं त्या वाटेला बघूही नये.

आठवड्याभरानं एखाद्या क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, शिरा. कोल्हापूरच्या माणसाला क्लॅन समजावून सांगावा लागत नाही, ती तालीमच. जुना खेळाडू वस्तादासारखा शिकवतो, कोण कधी येतो हे ठरलेलं असतं, आणि चार दिवस दिसला नाहीत तर चौकशी होते. जिथं नुसती शिवीगाळ चालते तिथून त्याच दिवशी बाहेर पडा.

दोन धोके. "सोनं दे, दुप्पट करून देतो" म्हणणारा प्रत्येक जण लुबाडतो. मी सुरुवातीला महिनाभराची कमाई अशीच घालवली, आणि बरेच दिवस ते मनाला लागून राहिलं. दुसरा धोका उत्तरेकडचा: चर ओलांडला की वाइल्डरनेस लागतं, तिथं दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात. कुणी गोड बोलून तिकडं नेत असेल तर जाऊ नका. बघायचंच असेल तर रिकाम्या हातानं जा.

आता थांबण्याचं. "एक तास खेळेन" हे पाळलं जात नाही, कारण तास नेहमी कामाच्या मध्येच संपतो. त्यापेक्षा बसण्याआधी ठरवा: आज हे एक काम, मग सामान बँकेत आणि लॉगआउट. जेवण, झोप, अभ्यास किंवा नोकरी खेळामागं पडत असेल, नुकसान दिसूनही हात थांबत नसेल, तर ते मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

भाच्यानं त्या संध्याकाळी आचाऱ्याचं काम संपवलं, उरलेलं पीठ बँकेत ठेवलं आणि स्वतःहून फोन बंद केला. मग आम्ही गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशीची धार निघताना तो शेजारी उभा राहून बघत होता, आणि फेसाळ ग्लास हातात आल्यावर म्हणाला, "मामा, उद्या कुठलं काम?"