क्लिनिकल ट्रायलमध्ये रुग्णाने स्वतः नाव कसे द्यावे

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी असावीच लागते, असे नाही. भारतातील अशा चाचण्यांची नोंद आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या नोंदवहीत २००७ पासून होते. औषध महानियंत्रकांनी २००९ मध्ये ती बंधनकारक केली आणि संकेतस्थळावर ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

आजाराचे नाव इंग्रजीत टाकून शोधावे आणि ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असा शेरा असलेल्या चाचण्या निवडाव्यात. शेरा जुना असू शकतो, म्हणून नोंदीत दिलेल्या आपल्या जवळच्या केंद्रावर फोन करून भरती खरोखर चालू आहे का, हे आधी विचारावे. त्याच पानावर समावेशाचे आणि वगळण्याचे निकष असतात. वगळण्याचे निकष आधी वाचावेत, कारण बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. वय आणि आजार जुळूनही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले असल्यामुळे किंवा एखादी गोळी चालू असल्यामुळे नकार मिळतो. त्यामुळे जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. घरचा काढासुद्धा त्या यादीत असावा.

केंद्रावर माहितीपत्रक आणि संमतीपत्र मिळते. ते तिथेच उरकू नये. घरी नेऊन घरच्यांसमोर वाचावे. मराठी माहितीपत्रकांत ‘यादृच्छिक वाटप’ असा शब्द हमखास भेटतो. त्याचा अर्थ एवढाच, की नवे औषध कोणाला आणि तुलनेचे कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. डॉक्टरांच्या ओळखीने ते बदलत नाही. तुलनेसाठी प्लासिबो (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी) आहे की प्रचलित उपचार, किती वेळा यावे लागेल, प्रवासखर्च मिळेल का आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे स्पष्ट विचारावे. क्लिनिकल ट्रायलविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा इजेवर मोफत उपचार करावे लागतात. रुग्णाला वाचता येत नसेल, तर संमतीच्या संपूर्ण प्रक्रियेत त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो.

सहीशेजारची तारीख रुग्णाने स्वतःच्या हाताने घालावी. सही झाली म्हणजे निवड झाली, असे नव्हे. तपासण्या त्यानंतर होतात आणि त्यांत अनेकजण गळतात. निवड झाल्यावरही कारण न देता कधीही बाहेर पडता येते, मात्र औषध परस्पर बंद न करता केंद्राला कळवावे. संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. संशोधक डॉक्टर आणि एथिक्स कमिटी (सहभागींचे हित जपणारी समिती) यांचे फोन क्रमांक तिच्यातच असतात.