के-५६२ पेशींवर करक्युमिन लावताना

हळदीतलं करक्युमिन डीएमएसओ या द्रावकात विरघळव. पाण्यात ते विरघळायचं नाव घेत नाही. (हळदीच्या दुधातून ते रक्तात जेमतेमच पोचतं, हे काकूंना सांगून मी थकले.) नळीला फॉइल गुंडाळ, उजेडात ते टिकत नाही. वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल हवाच.

के-५६२ या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी तळाला चिकटत नाहीत, तरंगतात. एमटीटीनंतर (जिवंत पेशी या पिवळ्या रंगाला जांभळं करतात, त्यावरून त्या किती ते कळतं) मीडियम, म्हणजे पेशींभोवतीचं द्रव, काढण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूज कर, नाहीतर पेशी पिपेटबरोबर गेल्याच समज.

खरी मेख पुढेच आहे. करक्युमिन स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतं, मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. म्हणून पेशी नसलेल्या वेलमध्येही तेवढंच करक्युमिन घाल, आणि मेलेल्या पेशींनाच निळं करणाऱ्या ट्रिपान ब्लूने पेशी मोजून पडताळ. पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे पेशी मरायलाच हव्यात त्या वेलला, व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध लाव. कुंडीतल्या सदाफुलीचंच ते.