समुद्रापासून दूर वाढलेल्यांसाठी समुद्राचा अभ्यास

नागपुरात भौतिकशास्त्र घेऊन पदवी पूर्ण केली, तोवर मी समुद्र एकदाच, शाळेच्या सहलीत, पाहिला होता. किनारी जीवसृष्टीच्या संवर्धनात काम करायचे आहे असे घरी सांगितले, तेव्हा ‘मग प्राणिशास्त्र का घेतले नाहीस?’ असे सर्वांनी विचारले. विदर्भातले विद्यार्थी आजही मला हाच प्रश्न विचारतात. माझे उत्तर असे की, कासव, प्रवाळ किंवा कांदळवन नेमके कुठे आणि केव्हा जपायचे, हे फार वेळा पाण्याचे तापमान, क्षारता, भरतीची उंची आणि प्रवाहाची दिशा पाहूनच ठरवावे लागते.

कासवाचे घरटे घ्या. ऑलिव्ह रिडलेची मादी कोकणच्या पुळणीवर सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. तो खड्डा उधाणाच्या भरतीच्या टप्प्यात असेल, तर अंडी वाया जातात. म्हणून वेळाससारख्या गावांत कासवमित्र ती वरच्या कुंपणात हलवतात. परंतु किती वर, हे पुळणीचा उतार आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांतल्या अमावास्या-पौर्णिमेच्या भरत्या पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर अवलंबून असते: साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. कुंपणासाठी खणलेल्या रिकाम्या खड्ड्यात मी भर दुपारी प्रथम हात घातला, तेव्हा वरची वाळू चटका देत होती आणि कोपरापर्यंत हात गेल्यावर तीच वाळू गार, ओलसर लागली. तापमापक अंड्यांच्या खोलीवरच पुरायचा, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले.

पहिल्याच हंगामात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. एका खाडीत कांदळवनाची रोपे लावण्यासाठी जागा निवडायची होती आणि मी तीन आठवडे क्षारतेच्या नोंदी घेतल्या. जागा, खोली, तारीख सारे लिहिले. वेळ मात्र लिहिली नाही. भरतीला खारे होणारे पाणी ओहोटीला त्याच जागी निमखारे होत होते, त्यामुळे सगळ्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. आमच्या होडीवाल्या काकांनी तेव्हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती-ओहोटीचे तक्ते मी आजही वापरतो, पण होडीत बसण्याआधी तिथी पाहतोच.

प्रवाळांचा धोका दुरूनही ओळखता येतो. एरवीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी एक अंशाने तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ पांढरे पडू लागतात. उपग्रहांच्या तापमान-नोंदींवरून याचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. हैदराबादही समुद्रकाठी नाही, हे नागपूरकरांनी लक्षात घ्यावे. मात्र १९८७ साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात नुसते तापमान पाहून भागत नाही, कारण पावसाळ्यात पाण्याचा गढूळपणा आणि नदीचे गोडे पाणी हेही तिथे मोजावे लागते.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्रविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. प्रवेशाआधी गणित पक्के करा, एखादी संगणकीय भाषा शिका आणि पोहायला शिका. तिसरी गोष्ट मी उशिरा शिकलो आणि त्यामुळे कामाचे एक वर्ष हुकले. मोजण्याचा सराव मात्र घराजवळच करता येतो. काळा-पांढरा रंग दिलेली, वजन लावलेली थाळी दोरीने नागपूरच्या फुटाळा तलावात सोडा आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते आठवड्याला एकदा, ठरलेल्या वेळी लिहा.

पहिल्या प्रकल्पासाठी मी बहुतेकांना नाग नदी सुचवतो. तिचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असे करत बंगालच्या उपसागरात जाते. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचे कांदळवन आहे आणि पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्या समुद्रावर पसरतो. या नदीची विद्युतवाहकता (तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) आणि गढूळपणा पावसापूर्वी व पावसानंतर मोजायला लागणारी उपकरणे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बहुधा असतातच.