मांडवा ते हर्णै : जलदुर्गांच्या किनाऱ्याने सायकलवर तीन दिवस कसे जावे

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जायचं ठरलं की बहुतेक मंडळी आधी किलोमीटर मोजतात. इथे त्या हिशेबाला फारसा अर्थ नाही. मांडव्यापासून हर्णैपर्यंतचे बहुतेक किल्ले खाडीच्या तोंडावर बसलेले आहेत. माल तिथूनच आत जायचा, जकात तिथेच मिळायची आणि शत्रूचं गलबतही तिथूनच शिरायचं. म्हणून मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज पिढ्यान्‌पिढ्या या तोंडांसाठी लढले. सायकलवाल्याने यातून एवढंच घ्यायचं: किल्ला दिसला की खाडी आली, खाडी आली की उतार संपला आणि पलीकडच्या काठावर चढ वाट बघतोय. त्यामुळे बेत आखायचा तो भरती-ओहोटी आणि जेट्टीच्या वेळांवर.

मुक्काम दोन, मुरूड आणि श्रीवर्धन. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले. मार्चनंतर दुपारी अकरालाच जीव नकोसा होतो आणि पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात.

१. आधी पंचांग काढा

मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते बघाच. पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब येत असला की तारीख ठरवणं सोपं जातं. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा, सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

हे गणित अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी करायचं, कारण तिथे ओहोटीला चालत जाता येतं. सकाळच्या पहिल्या बोटीने मांडव्याला उतरून अलिबाग गाठेपर्यंत दहा-साडेदहा वाजतात, म्हणून निघायला पंचमी किंवा षष्ठी बरी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण ते भांगाचे दिवस. पाणी पुरतं ओसरत नाही आणि मधे गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, समुद्र लांबवर आत जातो, पण पहाटे पाच-सहाला. तेव्हा तुम्ही मुंबईत भाऊच्या धक्क्यावर चहा पीत असाल.

२. सायकल आणि सामान

निव्वळ रेसिंगची, २३ मिलिमीटर टायरची सायकल इथे आणू नका. २८ ते ३२ चे टायर हवेत. रस्ता बराचसा डांबरी असला तरी गावागावांत गतिरोधक, खडी आणि वाळू भेटतेच. मागच्या कॅसेटमधलं, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांतलं, सर्वांत मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं हवं. कोकणातले चढ लांबीने छोटे असतात, पण वळणावर अचानक असे उभे राहतात की गिअर बदलायला सवड मिळत नाही. वळण दिसलं की आधीच हलका गिअर टाकून ठेवायची सवय लावा.

दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, पुढे-मागे दिवे आणि चेनचं तेल घ्या. रोड बाइकचे सुटे भाग या पट्ट्यात मिळतीलच असं नाही. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट वापरत असाल तर साधे फ्लोटर सोबत असू द्या. क्लीट घालून शेवाळलेल्या पायऱ्या चढणं म्हणजे पाय मोडून घेणं. आणि बारीक, पण मजबूत कुलूप घ्या. किल्ल्यावर जाताना सायकल जेट्टीजवळच्या टपरीशी लावायची, एक नारळपाणी घ्यायचं आणि “दादा, जरा लक्ष ठेवा” म्हणायचं.

३. पहिला दिवस : मांडवा ते मुरूड

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सायकली घेते. तासाभराचा प्रवास. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, फारसा चढ नाही. वाटेत थळला आत वळलात तर समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटं दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी ते थांबवायला जहाजं पाठवली. त्यांना जमलं नाही. मग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बेटं एका नजरेत घेतली की ही जागा मुंबईच्या उरावर कशी होती ते कळतं.

कुलाब्याला पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि पाणी वळलं की परत फिरा. फोटो राहिले तर राहू देत. आत गणपतीचं मंदिर आहे, गोड्या पाण्याची सोय आहे आणि उत्तर टोकाला चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या इंग्रजी बनावटीच्या दोन तोफा आहेत. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे, पाच मिनिटांच्या अंतरावर. ती सहसा राहून जाते.

अलिबाग ते मुरूड साधारण पन्नास किलोमीटर. चौल-रेवदंड्यापर्यंत माडा-पोफळीच्या सावलीतून सपाट रस्ता आहे. रेवदंड्यात रस्ता पोर्तुगीज तटबंदीतूनच जातो, वेगळा किल्ला शोधावा लागत नाही. इथल्याच खाडीत १५०८ मध्ये पोर्तुगिजांची इजिप्तच्या मामलुक आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली आणि त्यात पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला.

कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर किल्ला, पायथ्याला दीपगृह. सायकल दीपगृहाजवळ लावून पायऱ्यांनी वर जा. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी हा किल्ला निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून. खालच्या गावात काही घरांत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. किल्ल्यावरच्या कोरीव दगडांपेक्षा मला ती जास्त टिकाऊ वाटते.

कोर्लईनंतर काशीदपर्यंत आणि पुढे चढउतार सुरू होतात. काशीदला शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी असते, तिथे न थांबता निघा. संध्याकाळी मुरूडच्या पुळणीवरून समुद्रात पद्मदुर्ग दिसेल. जंजिऱ्यावर वचक ठेवायला शिवाजी महाराजांनी तो बांधून घेतला.

४. दुसरा दिवस : जंजिरा सकाळीच उरका

मुरूडहून राजपुरी पाचेक किलोमीटर, पण मधे एक खिंड आहे. ती चढून गेलात की जंजिरा एकदम खाली, समोर उघडतो. इथे मात्र थांबा. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला होता. मोगलांची स्वारी आली आणि ते काम अर्धवट सोडावं लागलं. हे वरून पाहिलं की खाडीचं पाणी किती रुंद आहे आणि तो बेत किती धाडसी होता, दोन्ही समजतं.

राजपुरीहून पहिली होडी पकडा. दहानंतर रांग लागते. किल्ल्याचं दार बेटाला अगदी भिडेपर्यंत दिसतच नाही. दोन बुरुजांच्या मधल्या घडीत ते लपवलेलं आहे. होडी दाराशी लागते तेव्हा लाटेने हात-दीड हात वरखाली होत असते. नावाडी “आता” म्हणेल तेव्हाच पाय टाका, लाट वर असताना. दारावर पंजांत हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलाय. आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत, आणि हा किल्ला इतकी वर्षं का पडला नाही याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. उरलेलं निम्मं तोफांत, कलालबांगडीपासून पुढे. सिद्दींचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं.

पुढे वाटेत खोकरीचे दगडी घुमट, सिद्दींच्या कबरी. तिथे पाणी पिण्याइतकं थांबा आणि आगरदांड्याची जेट्टी गाठा. दिघीला जाणारी फेरी सायकली घेते. डेकचा लोखंडी पत्रा ओला असतो, त्यावर सायकल चालवू नका, हाताने न्या आणि गाड्या चढल्यावर मगच चढा. या खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे. होईल तेव्हा वेळ वाचेल, पण पाण्यातून येणाऱ्याला किल्ला कसा दिसायचा ते फेरीवरूनच कळतं.

दिघीहून चढ काढून दिवेआगर. घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून जेवण सांगून ठेवा, आयत्या वेळी पोचलात तर भाकरीची वाट बघत बसावं लागेल. जेवणानंतर दिवेआगर-भरडखोल-शेखाडी-श्रीवर्धन हा रस्ता समुद्राला खेटून जातो. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत देखणा तुकडा, चार वाजता निघून सावकाश करावा. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. सिद्दीच्या मुलखातून हे घराणं वर घाटावर गेलं आणि पुढचा इतिहास बदलला.

५. तिसरा दिवस : बाणकोट, आंजर्ले, हर्णै

हा दिवस पायांचा आहे, म्हणून उजाडताच निघा. हरिहरेश्वरमार्गे बागमांडला, तिथून फेरीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. बाणकोटचा किल्ला वर टेकडीवर, चढ चांगलाच दमवणारा. १७५० च्या दशकात तो इंग्रजांकडे गेला आणि ते त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणू लागले. बुरुजावरून खाडीचं तोंड, हरिहरेश्वरचा डोंगर आणि येणारंजाणारं प्रत्येक गलबत दिसतं. बाकी पाहण्यासारखं फार उरलेलं नाही, अर्धा तास पुरे.

तिथून केळशीमार्गे आंजर्ले. रस्ता कुठे चांगला, कुठे उखडलेला. उतारावर वेग आवरा, जांभ्याच्या बारीक खड्यांवर पुढचं चाक सटकतं. पाण्याची बाटली दिसेल त्या गावात भरून घ्या, कोकम सरबत मिळालं तर मीठ जास्त घालून मागा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी पोचलात की सुवर्णदुर्ग पहिल्यांदा दिसतो. पूल ओलांडला की हर्णै.

सुवर्णदुर्ग पाण्यात, आणि त्याच्यासमोर जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तिघे राखणदार. कनकदुर्गावर दीपगृह आहे, तिथून चौघांची रचना नीट उलगडते. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन मराठी आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे यांच्यावर उलटले, तेव्हा कमोडोर विल्यम जेम्सने हा किल्ला घेतला. मराठी आरमार बुडवण्यात मराठ्यांचाच हात होता, हे इथे उभं राहून आठवतंच. जेम्स मेल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी मनोरा बांधला. त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे सुवर्णदुर्गाचंच इंग्रजी वळण, आणि तो अजून उभा आहे.

सुवर्णदुर्गावर जायचं तर होडी हर्णै बंदरातून, समुद्र शांत असेल तरच. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, सायकल त्या गर्दीत नेऊ नका.

६. परतीचं

हर्णैहून दापोली चढाची आहे, पुढे खेडला कोकण रेल्वे. सायकल पार्सलने पाठवायची तर आधी स्टेशनवर चौकशी करा, गाडी थोडाच वेळ थांबते. गट असेल तर कॅरियरवाली गाडी दापोलीलाच बोलावणं सोपं. निघण्याआधी मुक्कामाच्या नळाखाली सायकल गोड्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा न मारता. ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेली वाळू टोकदार काडीने काढा, नाहीतर ती रिम खरवडत राहते. चेन कोरडी पुसून तेल घाला. खाऱ्या हवेत दोन रात्री काढलेल्या चेनवर घरी पोचेपर्यंत तांबूस गंज दिसायला लागतो.